नेल्सनची तलवार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही 'नेल्सनची तलवार' असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि ती गैर नाही. म्हणून हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी गोदीतला एक वेतनकरार बऱ्यापैकी पार पडला. कामगारांनी सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा आणि तलवार. हल्ली सत्कारात तलवार देण्याची चाल आहे, हे आपण जाणताच. चकचकीत पितळी मूठ, मखमली म्यान, आणि धारेच्या नावाने शून्य. ती आम्ही युनियनच्या कचेरीत भिंतीला टांगली. दुसऱ्या दिवशी आमचे एक जुने टंडेल आले. रत्नागिरीकडचे, आमच्याहून वीस वर्षांनी वडील. त्यांनी तलवार निरखली आणि विचारले, "काय रे, कितीला पडली ही?" आम्ही म्हटले, "वर्गणी काढून आणली, दादा. साडेचार हजारांची म्हणतात." त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे सहा दिवसांचा रोज. बरी आहे." एवढे बोलून ते चहाला बसले.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या पुस्तकांच्या कपाटापुढे, रात्री, विजेच्या एका दिव्याखाली. या कपाटात नेल्सनचे एक चरित्र कित्येक वर्षे पडून होते. ते कोणी आणून ठेवले, कोणास ठाऊक. साम्राज्याचा सेनापती, त्याच्याशी आम्हांला काय कर्तव्य, म्हणून आम्ही त्याला हात लावला नव्हता. टंडेलांनी तो सहा रोजांचा हिशेब केला त्या रात्री आम्ही ते काढले. नौसेनेतल्या अधिकाऱ्याची तलवार म्हणजे नेमके काय, ती कोण देतो आणि कोणाच्या जिवावर मिरवली जाते, हे पाहावे असे मनात आले. त्यानंतर त्या माणसावर जे जे मिळाले ते वाचीत गेलो.

होरेशिओ नेल्सन हा इंग्लंडातल्या नॉरफॉक प्रांतातल्या एका पाद्र्याचा मुलगा. जन्म २९ सप्टेंबर १७५८. अकरा भावंडांतला हा सहावा. आई १७६७ साली वारली. मामा मॉरिस सकलिंग आरमारात कप्तान होता, त्याने बारा वर्षांच्या या किडकिडीत पोराला १७७१ साली आपल्या जहाजावर घेतले. वशिल्याशिवाय तेव्हा आरमारात अधिकारीपण मिळत नसे. नेल्सनलाही मामा होता म्हणूनच शिडी मिळाली. पण या मामाने एक गोष्ट चांगली केली. भाच्याला त्याने एका व्यापारी जहाजावर वेस्ट इंडीजला धाडले. मुलगा वर्षभराने परतला तो उत्तम खलाशी होऊन, आणि सरकारी आरमाराविषयी मनात अढी घेऊन. त्या काळी खलाशांत एक बोलणे होते, ते नेल्सनने पुढे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, जहाजाच्या मागल्या अंगाला मान अधिक, पण माणूस अधिक चांगला तो पुढल्या अंगाला. मागल्या अंगाला अधिकाऱ्यांच्या खोल्या असत, पुढे खलाशी राहात. ही अढी जायला बरेच आठवडे लागले, असेही तो सांगतो. आमचे मत विचाराल तर ती पुरती कधीच गेली नाही, आणि त्याच्या यशाचे मूळ तिथे आहे.

१७७३ साली उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात एक फेरी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो 'सीहॉर्स' जहाजावरून हिंदुस्थानाकडे निघाला. मद्रास, कलकत्ता, मुंबई असा त्याचा प्रवास झाला. १७७५ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याजवळ हैदर अलीच्या जहाजांशी चकमक झाली, ती त्याच्या आयुष्यातली पहिली लढाई. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला हा सतरा वर्षांचा पोर हिवतापाने असा आजारी पडला की वाचेल याची खात्री नव्हती. १७७६ च्या मार्चमध्ये त्याला 'डॉल्फिन' जहाजावर चढवून घरी पाठवले. आमच्या मुंबईच्या डासांनी थोडा जोर अधिक केला असता तर ट्रफल्गारच्या चौकात आज दुसऱ्याच कोणाचा खांब उभा असता. असो.

१७७७ साली तो लेफ्टनंट झाला, १७७९ साली विसाव्या वर्षी कप्तान. मामा सकलिंग १७७८ साली वारला आणि त्याची तलवार भाच्याकडे आली. आमच्या व्याख्यानाची नायिका ती हीच. त्या काळी आरमारी अधिकाऱ्याच्या तलवारीला ठराविक नमुना नव्हता. पहिला सरकारी नमुना १८०५ साली ठरला. तोवर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे तलवार घ्यावी किंवा वडिलार्जित वापरावी. सकलिंगची ही तलवार त्याच्याही आधी गॅलफ्रिडस वॉलपोल नावाच्या नातलग कप्तानाची होती, आणि १७११ च्या एका लढाईत त्या वॉलपोलचा उजवा हात तुटला, अशी घराण्यातली आख्यायिका आहे. वॉलपोलचा हात तुटला हा इतिहास आहे. तलवार तीच होती का, याविषयी आम्ही जपून बोलतो. कारण पुढे जे घडले त्याच्याशी ही गोष्ट फारच नेटकी जुळते.

लढाई संपली की इंग्लंडचे सरकार जहाजे धक्क्याला बांधी, खलाशांना वाटेला लावी आणि अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी बसवी. नेल्सन १७८७ च्या अखेरीपासून १७९३ च्या जानेवारीपर्यंत असा पाच वर्षे बेकार होता. बायकोला घेऊन तो बापाच्या गावी राहिला. याच दिवसांत त्याने एक काम केले, ते चरित्रकार एखाद्या वाक्यात उरकतात. आम्ही मात्र त्या पानावर खूण घालून ठेवली आहे. फ्रान्सच्या क्रांतीचे वारे इंग्लंडच्या खेड्यांत शिरू लागले होते. १७९२ साली नेल्सनने राजपुत्राला पत्र लिहिले आणि सोबत नॉरफॉकच्या शेतमजुराचा जमाखर्च जोडला. नवरा, बायको, तीन मुले. कपडालत्ता, साबण, मेणबत्ती वजा जाता खाण्यासाठी माणशी रोज दोन पेन्सही उरत नाहीत, आणि बिअरची चव या गरिबाला ठाऊक नाही, तो पाणी पितो. राजपुत्राला त्याने सांगितले ते असे की, हे लोक खरोखर गरजेत आहेत, म्हणून ते दुसऱ्याच्या वचनांना भुलतात. मंडळी, आयुष्यभर आम्ही मागण्यांचे मसुदे केले. सोबत जमाखर्च जोडल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही, हे आम्ही वीस वर्षांत शिकलो. या कप्तानाला ते घरबसल्या कळले.

आता १७९७ साल. आमच्याकडे दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आला होता. नेल्सनच्या तलवारीची सारी गोष्ट या एका वर्षात सामावलेली आहे.

१४ फेब्रुवारीला पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ सेंट व्हिन्सेंटच्या भूशिरापाशी स्पेनच्या आरमाराशी गाठ पडली. नेल्सनने आपले 'कॅप्टन' हे जहाज रांगेतून बाहेर काढले, स्पेनच्या 'सान निकोलास'ला नेऊन भिडवले, त्यावर उडी घेतली, आणि त्यावरून पुढच्या 'सान होसे'वर. ही लढाई आपण पुस्तकांत वाचालच. आम्हांला तिच्या शेवटचा प्रसंग सांगायचा आहे. 'सान होसे'च्या डेकवर स्पॅनिश कप्तानाने वाकून आपली तलवार पुढे केली, आणि आमचा सेनापती खाली जखमी होऊन मरणपंथाला लागला आहे, असे सांगितले. मागोमाग एकेक अधिकारी आला, एकेकाने तलवार दिली. नेल्सन त्या घेई आणि शेजारी उभ्या असलेल्या विल्यम फर्नीच्या हाती देई. फर्नी हा त्याच्या होडीवरचा वल्हेकरी. त्याने काय केले? स्पेनच्या उमरावांच्या त्या तलवारी त्याने अगदी शांतपणे, जळणाची मोळी बांधावी तशा एकीवर एक काखोटीला मारल्या.

हे दृश्य नेल्सनलाही इतके आवडले की त्याने ते फर्नीच्या नावानिशी लिहून ठेवले. सेनापतीच्या वृत्तांतात वल्हेकऱ्याचे नाव येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्पॅनिश सेनापती विंतुइसेन त्या जखमांनी मरण पावला. त्याची तलवार नेल्सनने फेब्रुवारीतच आपल्या प्रांताच्या मुख्य शहराला, नॉरिचला, भेट म्हणून पाठवली. ती त्या शहराने आजवर जपली आहे.

दोन महिन्यांनी, १६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, स्पिटहेडच्या नांगरवाड्यात इंग्लंडच्या सोळा जहाजांवरच्या खलाशांनी जहाजे हाकारण्यास नकार दिला. इतिहासाच्या पुस्तकांत याला बंड म्हणतात. आम्ही तपशील वाचला आणि आमच्या धंद्यातले जे नाव आहे तेच द्यायचे ठरवले. तो संप होता, आणि इतका शिस्तीचा संप आम्हांला आयुष्यात एकदोनदाच साधला. प्रत्येक जहाजाचे दोन प्रतिनिधी, एकूण बत्तीस. बैठक सेनापतीच्या खोलीत. दारूवर बंदी, अधिकाऱ्यांशी नेहमीचा अदब. शत्रूचे आरमार बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू, हे आधीच जाहीर केलेले. मागण्या काय होत्या? पक्क्या खलाशाचा पगार अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग होता, आणि तो सुमारे एकशे चाळीस वर्षे तसाच होता. म्हणजे शिवछत्रपतींनी आरमाराची पहिली जहाजे बांधली तेव्हा जो पगार, तोच दुसऱ्या बाजीरावापर्यंत. दुसरी मागणी तागडीची. जहाजावरचा भांडारी सोळा औंसांच्या पौंडाऐवजी चौदा औंसांचा पौंड देई आणि दोन औंस सांडलवंड म्हणून कापून घेई. बंदरात असताना ताजी भाजी, आजाऱ्यांची नीट काळजी, जखमी झालेल्याचा पगार बरा होईपर्यंत चालू. बस्स. मे महिन्यात एका जहाजावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही खलाशी मेले, पण अखेर पार्लमेंटने कायदा केला, राजाने माफी दिली, आणि म्हातारे लॉर्ड हौ होडीत बसून जहाजाजहाजावर ती स्वतः पोचवत फिरले. पगार २९ शिलिंग ६ पेन्स झाला. पाठोपाठ टेम्सच्या मुखाशी नोअर येथे दुसरा उठाव झाला, तो चिरडला गेला आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर ३० जूनला फासावर गेला.

इथे मुंबईची आठवण न येती तर आम्ही गोदीतले कसले? १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ज्या नौदल केंद्रात खलाशांनी अन्न नाकारले, त्याचे नावच 'तलवार' होते. तिथेही सुरुवात निकृष्ट जेवणापासून आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीपासून झाली, तिथेही प्रतिनिधींची समिती झाली आणि तिने स्वतःच्या नावात 'संप' हाच शब्द घातला. २२ तारखेला गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. सरकारी कागदांत तेही बंडच.

नेल्सनचे स्पिटहेडविषयी मत काय होते? एका पत्रात त्याने लिहिले की, खलाशांच्या पहिल्या तक्रारीच्या बाबतीत तो पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. आम्हां आरमारी लोकांची कोणी कदर करीत नाही आणि शांतता झाली की आमची लाजिरवाणी अवस्था होते, अशी त्याची खंत. त्याच पत्रात, नोअरच्या बंडखोरांवर जहाज घेऊन जायला आपल्याला आनंद वाटेल, असेही आहे. दोन्ही वाक्ये एकाच दिवशी, एकाच लेखणीने.

मेच्या अखेरीस त्याला 'थीसियस' जहाज दिले गेले. हे जहाज इंग्लंडहून बिथरलेल्या खलाशांसह आले होते. फार दिवस गेले नाहीत तोच एका रात्री डेकवर एक चिठ्ठी पडलेली सापडली, खाली सही 'जहाजावरची मंडळी'. नेल्सनचे भले होवो, आम्हांला दिलेल्या अधिकाऱ्यांबद्दल आभार, आमच्या रक्ताचा थेंब न् थेंब तुमच्यासाठी, असा तिचा मजकूर. मालकाला अशी चिठ्ठी कामगार का लिहितात, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस घोळवला. आमच्यातले काही मित्र म्हणतील, भोळसटपणा. आम्हांला तसे वाटत नाही. ही माणसे नुकतीच पगारवाढ लढून घेतलेली होती. कोणता अधिकारी आपल्याला माणसात जमा धरतो, हे त्यांना आमच्याइतकेच कळत होते.

३ जुलैच्या रात्री कादिझ बंदराबाहेर होड्यांची हातघाई झाली. नेल्सनच्या होडीत दहा वल्हेकरी, एक टंडेल, कप्तान फ्रीमँटल आणि तो स्वतः. समोर स्पॅनिशांची सव्वीस वल्ह्यांची होडी. तलवारीशी तलवार भिडली. टंडेल जॉन साइक्स याने सेनापतीवरचे वार दोन वेळा स्वतःवर घेतले, एकदा तर हातात काही उरले नाही म्हणून हातच आडवा घातला. तो गंभीर जखमी झाला. तेव्हा वाचला, पण दोन वर्षांच्या आत वारला. नेल्सनने आपली छोटीशी आत्मकथा लिहिली तेव्हा साइक्सचे नाव त्यात घातले.

आणि ९ जुलैला, म्हणजे साइक्सने हात आडवा घातल्यापासून सहाव्या दिवशी, त्याच आरमारातल्या 'सेंट जॉर्ज' जहाजावर चार खलाशांना बंडाच्या कटाबद्दल फाशी दिले गेले. शनिवारी शिक्षा ठरली आणि रविवारी सकाळी, प्रार्थनेच्या दिवशी, त्यांच्याच सोबत्यांच्या हातून दोर ओढवला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रविवारबद्दल हरकत घेतली. नेल्सनने मुख्य सेनापतीच्या निर्णयाला पाठिंबा कळवला, आणि रविवार कशाला, नाताळ असता तरी आपण फाशी दिले असते, असे लिहिले. हे पान वाचून आम्ही पुस्तक मिटले. आठवडाभर उघडले नाही.

मंडळी, आम्ही चाळीस-पन्नास साहेबांसमोर बसून करार केले आहेत. दुष्ट साहेबाशी भांडणे सोपे असते. अवघड असतो तो साहेब, जो कामगाराच्या मुलाच्या आजारपणाची चौकशी मनापासून करतो आणि संध्याकाळी निलंबनाच्या हुकमावर मनापासून सही करतो. नेल्सन या जातीचा होता. १७९९ साली नेपल्सला काराचोलो या सेनापतीला काही तासांच्या चौकशीवर त्याने जहाजावर फासावर चढवले, हाही डाग त्याच्यावर आहे. आम्ही तो धुवायला आलेलो नाही. साइक्स आणि ते चार खलाशी एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या खाती मांडावे लागतात, एवढे आम्हांला कळले.

२४ जुलैच्या रात्री टेनेरिफ बेटावरच्या सांता क्रूझवर होड्यांनी हल्ला झाला. किनाऱ्यावर गोळ्यांचा वर्षाव. नेल्सन मामाची तीच तलवार उपसून होडीतून पाय बाहेर टाकतो न टाकतो तोच उजव्या कोपराच्या वर गोळी लागली आणि हाड चुरले. तलवार पडता पडता त्याने ती डाव्या हाताने झेलली. सकलिंगची आठवण ती, तशा अवस्थेतही त्याने सोडली नाही. सावत्र मुलगा जोसाया निस्बेट याने गळ्यातले रुमाल करकचून बांधून रक्त थांबवले. जॉन लव्हेल नावाच्या खलाशाने अंगातला सदरा टराटरा फाडून त्याची झोळी केली. परतताना 'फॉक्स' ही नौका बुडत होती, सत्त्याण्णव माणसे गेली. नेल्सनने आपली होडी थांबवून पाण्यातल्या जितक्यांना ओढून घेता येईल तितक्यांना घ्यायला लावले. मग 'थीसियस'वर तो एका हाताने दोर धरून चढला आणि हात कापवून घेतला. त्या वेळी शस्त्राचा थंडगार स्पर्श त्याच्या इतका लक्षात राहिला की पुढे आपल्या जहाजांवर शस्त्रे आधी गरम करून घेण्याचा त्याने हुकूम केला. खलाशांनाही तोच नियम. आम्ही हे कलम कोणत्याही करारात घालायला तयार आहोत.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १७९८ रोजी, नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमार बुडाले. नेल्सनने शरण आलेल्या फ्रेंच सेनापतीची तलवार लंडन शहराला पाठवली आणि लंडन शहराने त्याला उलट एक तलवार देण्याचे ठरवले. किंमत २०० गिनी. आमच्या टंडेलांच्या पद्धतीने हिशेब करून पाहा. २०० गिनी म्हणजे २१० पौंड. संपानंतर वाढलेल्या पगाराने पक्क्या खलाशाला वर्षाचे तेरा महिने धरून सुमारे १९ पौंड मिळत. म्हणजे ही तलवार एका खलाशाच्या अकरा वर्षांची. तिच्यापुढे आमची सहा रोजांची तलवार ती काय! आम्ही हा आकडा टंडेलांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तरी तुझी हलकी आहे, हे बरेच." ती तलवार आम्ही त्यांनाच देऊन टाकली. त्यांचा नातू तिच्या मुठीला शाळेची टोपी अडकवतो.

२१ ऑक्टोबर १८०५. ट्रफल्गार. त्या दिवशी सकाळी 'व्हिक्टरी'वरच्या त्याच्या खोलीत नोकरांनी तलवार खुंटीवरून काढून मेजावर तयार ठेवली होती. नेल्सन ती कमरेला न लावताच डेकवर गेला. विसरला असावा, असे जहाजाच्या शल्यवैद्याने लिहिले आहे, आणि तलवारीशिवाय तो लढला अशी ही एकच लढाई, असेही. दुपारी सव्वाच्या सुमारास 'रेडाउटेबल'च्या डोलकाठीवरून आलेली गोळी खांद्यातून शिरून पाठीच्या कण्यात अडकली. साडेचारच्या सुमारास तो वारला. तलवार मेजावर होती तशीच.

९ जानेवारी १८०६ ला लंडनच्या सेंट पॉल मंदिरात दफन झाले. राजपुत्र, सरदार, सेनापती हजर होते, आणि 'व्हिक्टरी'वरचे अठ्ठेचाळीस खलाशीही. जहाजाचे निशाण त्यांनी हातात धरले होते. विधीप्रमाणे ते नीट घडी करून शवपेटीवर ठेवायचे होते. पेटी खाली जाऊ लागली तेव्हा खलाशांनी घडी केली नाही. त्यांनी निशाणाचा मोठा तुकडा फाडला, त्याचे लहान तुकडे केले आणि एकेकाने एकेक सदऱ्याच्या आत, छातीशी खोचला. त्यांतले काही तुकडे आज संग्रहालयांत काचेखाली आहेत.